वाडीच्या वर्गणीतून छाती दाबणारं यंत्र घ्यावं का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, जाणकारांची मतं हवी आहेत. आमची वाडी गुहागर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. मुंबईकर मंडळाने गणपती आणि शिमगा मिळून बरी वर्गणी जमवली आहे. यंदा ती सभामंडपाला न लावता आरोग्याच्या कामाला लावायची, असं एकमताने ठरलं. कारण उघड आहे. पन्नाशीच्या आतबाहेरची धडधाकट माणसं चिपळूण गाठायच्या आत जाताहेत, आणि हे आता सगळ्यांना बोचायला लागलंय.

सभेत एकाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. स्ट्रेचरवर माणूस, पाठीखाली एक फळी, वर कमानीसारखं यंत्र. त्यातून रबरी कप खाली येतो आणि ठरलेल्या लयीत छाती दाबत राहतो. बाजूचे दोघे दुसरी कामं करताहेत. ते पाहून निम्मी सभा म्हणाली, हेच घेऊ आणि गाडीवर देऊन टाकू. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, गाडी वाडीत पोचायलाच अर्धा-पाऊण तास लागतो, मग यंत्राचा उपयोग काय?

प्रश्न असे. हे यंत्र नक्की काय करतं? हातापेक्षा चांगलं दाबतं का? आपल्या भागात ते कुठे असायला हवं? आणि त्याच पैशात याहून उपयोगाचं काही होईल का? आमची घरं पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या चढावर आहेत, रस्ता खाली. आजारी माणसाला खुर्चीत बसवून उतरवतात, तेही लक्षात घ्या. पुढच्या सभेपर्यंत काहीतरी ठोस सांगायचं आहे.

आंबाघाट

भूलतज्ज्ञ आहे, आधी काही वर्षं ॲम्ब्युलन्सवर काम केलंय. जरा सविस्तर लिहितो.

हे यंत्र हृदय चालू करत नाही. ते फक्त दाबतं. हृदय थांबल्यावर छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान ५ सेंमी पण ६ सेंमीच्या वर नाही इतकं दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हा सीपीआरचा गाभा. उत्तम दाबलं तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच प्रवाह मिळतो. तेवढ्यावर मेंदू आणि हृदयाचा स्नायू तग धरतात. मूळ दुखणं बरं होतं ते विजेच्या शॉकने, औषधाने किंवा बंद झालेली रक्तवाहिनी उघडून.

आता हाताची अडचण. विहिरीवरचा हातपंप आठवा. पहिल्या काही झटक्यांत पाणी येत नाही, मग धार लागते, आणि हात थांबला की पाणी खाली जातं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतला दाब असाच हळूहळू चढतो आणि थांबलात की लगेच कोसळतो. माणूस मिनिट-दोन मिनिटांत दमतो. दमलाय हे त्याला स्वतःला कळतही नाही, पण खोली कमी झालेली असते. म्हणून दर दोन मिनिटांनी हात बदलायचे असतात. गाडीत मागे दोनच माणसं असली तर बदलणार कोण?

आणि घाट. आंब्याच्या वळणांवर धावत्या गाडीत, पट्टा न लावता, एका हाताने वरची दांडी धरून दुसऱ्या हाताने छाती दाबण्याचा प्रयत्न मी केलाय. वळण आलं की अंगाचा भार एकीकडे जातो, तळहात बरगडीवर सरकतो, ब्रेक लागला की दाबणं थांबतं. रुग्णाला पुरेसा दाब मिळत नाही आणि दाबणाऱ्याचं डोकं फुटायची वेळ येते. यंत्राची जागा इथे आहे. ते दमत नाही, वळणावर लय सोडत नाही, आणि माणसं पट्टा लावून बसून श्वास, औषध, शॉक बघू शकतात.

सध्या दोन जाती जास्त दिसतात. ल्यूकस हे स्वीडनमधल्या लुंड इथलं. त्यात दट्ट्या आणि सक्शन कप असतो. वजन सुमारे ८ किलो, खोली साधारण ५३ मिमी, गती मिनिटाला १०२, आणि एका बॅटरीवर पाऊण तासाच्या आसपास चालतं. ऑटोपल्समध्ये रुंद पट्टा पूर्ण छातीभोवती आवळतो, मिनिटाला ८० वेळा.

यंत्र बसवताना दाबणं थांबता कामा नये, आणि इथेच प्रशिक्षण नसलेले फसतात. हाताने दाबणं चालू ठेवायचं, एका छोट्या विरामात पाठीखाली फळी सरकवायची, पुन्हा दाबायला लागायचं, दुसऱ्या विरामात कमान अडकवायची. प्रत्येक विराम १० सेकंदांच्या आत. सराव नसलेली माणसं खोक्यातून यंत्र काढण्यात मिनिटं घालवतात, आणि तेवढ्या वेळात रुग्णाची उरलीसुरली संधी जाते.

मालवणकाठी

डॉक्टरांनी घाटाचा सांगल्यानी ता बरोबर. पण आमच्या हंय गाडी सड्यार थांबता आनि घरां खाली वाडीत. मधे घाटी. खुर्चेत बसवन माणूस वर हाडूक येळ जाता, आनि चढतना छाती कोण दाबतलो? दाबूक येतच नाय. मशीन खाली नेऊन लावला तर घाटयेर चलतला काय? माझो तोच प्रश्न आसा.

आंबाघाट

@मालवणकाठी, प्रश्न नेमका आहे.

हृदय थांबलेल्या माणसाला खुर्चीत बसवून नेणं म्हणजे तेवढा वेळ रक्तप्रवाह शून्य. हे कुठल्याच परिस्थितीत करू नये. यंत्र लावलेला माणूस सपाट स्ट्रेचरवर बांधून पायऱ्यांवरून नेता येतो. रुग्णाचे हात यंत्राच्या पट्ट्यांत अडकवायचे, मानेमागचा पट्टा लावायचा म्हणजे कप पोटाकडे सरकत नाही. तो खाली सरकला तर यकृतावर दाब येतो, म्हणून कपाच्या कडेने छातीवर पेनाने खूण करून ठेवतात आणि अधूनमधून बघतात. पाखाडीवर हे करायला निदान सहा माणसं आणि जागोजागी टप्पे हवेत. अशक्य नाही.

पण मी उलटा विचार करायला सांगेन. माणूस वर नेण्याऐवजी शॉक खाली न्या. अचानक कोसळलेल्या प्रौढांपैकी बऱ्याच जणांचं हृदय सुरुवातीला थरथरत असतं, आणि त्याला शॉक हाच इलाज आहे. मधल्या काळात छाती दाबली गेली नाही, तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. एईडी नावाची पेटी एका हातात मावते, मराठी-हिंदी न कळणाऱ्यालाही चित्रं बघून पॅड चिकटवता येतात, आणि शॉक द्यायचा की नाही ते ती स्वतः ठरवते. धावणारा पोरगा ती घाटीवरून चार-पाच मिनिटांत खाली आणेल.

दापोलीकर

दोन्ही बाजू वाचल्या. पण यंत्राने माणसं जास्त वाचतात का, यावर कोणी बोललं नाही. एवढी वर्षं वापरात आहे, चाचण्या झाल्याच असतील की. वर्गणीचा पैसा आहे, भावनेवर खर्च होऊ नये.

आंबाघाट

@दापोलीकर, झाल्या आहेत, आणि त्यांचे निकाल सभेत वाचून दाखवायला हवेत.

२००६ साली ऑटोपल्सची अमेरिका-कॅनडातली चाचणी प्रसिद्ध झाली. ती मध्येच थांबवावी लागली, कारण हाताने दाबलेल्या गटात रुग्णालयातून घरी गेलेले ९.९ टक्के होते आणि यंत्राच्या गटात ५.८. नंतर त्याच यंत्राची मोठी चाचणी २०१४ मध्ये आली, ४२३१ रुग्णांची. तीत यंत्र आणि उत्तम दर्जाचं हाताचं दाबणं बरोबरीला आले. ल्यूकसची लिंक नावाची चाचणी, तीही २०१४ सालची, २५८९ रुग्णांची, स्वीडन, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधली. चार तासांनी जिवंत असलेले दोन्ही गटांत साधारण २३.६ टक्के, फरक नाही. मग २०१५ मध्ये ब्रिटनमधली पॅरामेडिक चाचणी, ४४७१ रुग्ण. तीस दिवसांनी जिवंत यंत्राच्या गटात ६ टक्के, हाताच्या गटात ७. त्यात यंत्राच्या गटातल्या सगळ्यांना यंत्र लागलंही नव्हतं, सुमारे ६० टक्क्यांनाच लागलं.

म्हणून आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात की सरसकट प्रत्येकाला यंत्र लावू नका. जिथे हाताने नीट दाबणं शक्य नाही किंवा दाबणाऱ्याला धोका आहे, तिथे लावा. धावती गाडी, लांबणारा सीपीआर, कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली). या चाचण्या जिथे झाल्या तिथे गाडी काही मिनिटांत पोचते आणि गाडीवर प्रशिक्षित माणसं असतात. आपल्याकडचा लांबचा प्रवास आणि घाट हे त्या सूचनांत सोडलेल्या अपवादात बसतात, असं माझं मत आहे. पण ते यंत्र गाडीवर किंवा रुग्णालयात असण्याबद्दल. वाडीत कपाटात ठेवण्याबद्दल नाही.

शिफ्टसिस्टर

कॅथलॅबमध्ये नर्स आहे, माहेर राजापूरचं. तिथलं सांगते.

अँजिओप्लास्टी चालू असताना हृदय थांबलं तर एक्स-रेचा सी-आर्म छातीवर फिरत असतो. हाताने दाबणारा माणूस मधे उभा राहिला की डॉक्टरांना चित्र दिसत नाही आणि त्याच्या हातांवर किरण पडत राहतात. यंत्र असेल तर त्याचा बराचसा भाग चित्रात आडवा येत नाही. थोडं तिरकं धरून वाहिनी दिसते, आणि दाबणं चालू असतानाच तार आत जाते. आम्ही टेबलावर पेशंट घेतानाच, जास्त आजारी असेल तर, पाठीची फळी आधीच खाली घालून ठेवतो. मग गरज पडली तर फक्त कमान अडकवायची.

एक गोष्ट नवीन लोकांना सांगावी लागते. शॉकचे पॅड कपाच्या खाली येता कामा नयेत. एक उजव्या कॉलरबोनखाली, एक डाव्या काखेखाली, आणि त्यांच्या वायरी कमानीत अडकणार नाहीत असं बघायचं. यंत्र चालू ठेवूनच शॉक देता येतो. आणि छाती ओली असली, घामाने निथळत असली, तर पुसून घ्या. कपही नीट बसतो, पॅडही.

बरगड्या मोडतात का, हे नातेवाईक हमखास विचारतात. मोडतात. हाताने दाबल्यावरही मोडतात. त्या भीतीने दाबणं हलकं करू नका.

किनारपहारा

समुद्रावर जीवरक्षक म्हणून काम करतो. धाग्यात बुडणाऱ्यांचा विषय आला नाही, आणि कोकणात तो सोडून चालणार नाही. सुट्ट्या लागल्या की गणपतीपुळे, काशीद, तारकर्ली, कुठेही बघा.

बुडालेल्या माणसाचं हृदय श्वास थांबल्यामुळे थांबतं. रक्तात प्राणवायू उरलेला नसतो. त्याला नुसतं दाबून भागत नाही, आधी तोंडाने श्वास द्यायचे. युरोपच्या सूचनांत सुरुवातीला पाच श्वास सांगितलेत, अमेरिकेच्या सूचनांत दोन, पण दोन्हीकडे श्वास पहिला. मग ३० वेळा दाबणं, २ श्वास. यंत्र आणलं तरी श्वास देणारा माणूस लागणारच. म्हणून त्यात ३० दाबून थांबायची सोय असते.

किनाऱ्यावर अजून काय चालतं ते लिहितो, कारण याने माणसं जातात. बाहेर काढलं की पालथं घालून पोट दाबतात, खांद्यावर टाकून धावतात, पाय धरून उलटं करतात. पाणी निघालं पाहिजे म्हणतात. त्याने पोटातलं पाणी आणि जेवण घशाशी येतं आणि फुप्फुसात उतरतं, आणि मोलाची मिनिटं जातात ती वेगळीच. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, श्वास द्या. तोंडातून फेस येतो, तो पुसत बसू नका, फेसातूनच श्वास द्या. वाळू ओली आणि उतरती असते, म्हणून लाटेच्या वर, टणक जागी घ्या. मऊ वाळूत दाबलं तर माणूस खाली रुततो आणि छाती हवी तेवढी दबत नाही.

लहान मुलांना ही मोठ्यांची यंत्रं बसत नाहीत. तिथे हातच.

चिपळूणची

+१ किनारपहारा. मी आशाताईंच्या प्रशिक्षणात मदत करते. घरातलं दृश्यही लिहायला हवं.

माणूस कोसळतो, दोन-चार झटके येतात. घरचे म्हणतात फीट आली. कांदा फोडून नाकाशी धरतात, चप्पल हुंगवतात, मुठीत किल्ल्या देतात. मग तो लांब लांब आचके द्यायला लागतो. कोणीतरी म्हणतं, श्वास आहे अजून. कोणी म्हातारं माणूस म्हणतं, शेवटचं आलं, आणि तोंडात गंगाजळाचा चमचा जातो. हे सगळं मायेपोटीच होतं, पण नेमक्या त्या वेळी छाती दाबायला हवी असते. हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की सुरुवात करायची. आचके म्हणजे श्वास नव्हे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी सोपी पद्धत दिली आहे, फक्त दाबायचं. ओळखायचं, १०८ला फोन करायचा, दाबत राहायचं. बुडालेल्यांचं वर आलंच आहे, तिथे श्वास हवा. बायका शिकतात तेव्हा एकच अडतं: परक्या पुरुषाच्या किंवा सासऱ्यांच्या छातीवर हात ठेवायचा संकोच. तो पुतळ्यावर सराव केला की पुष्कळ जातो. आणि कोपर वाकवून दाबतात. कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, कंबरेतून वजन टाकायचं. कॉटवर नाही, जमिनीवर घ्यायचं, गादी खाली दबते आणि वाटतं छाती दबली.

बायोमेडवाला

रुग्णालयांची यंत्रं दुरुस्त करतो. मी खर्चाचं आणि देखभालीचं बोलतो, कारण देणगीची यंत्रं कशी पडून राहतात ते बघतो.

छाती दाबणारं यंत्र लाखांत जातं. ते घेतल्यावर संपत नाही. कप एकदा वापरला की बदलायचा. बॅटरी जादा हवीच, कारण लांबच्या प्रवासाला एक पुरणार नाही. ती कायम चार्ज ठेवायची आणि काही वर्षांनी बदलायची. पावसात वीज गेली की चार्जिंग बंद, म्हणून इन्व्हर्टरवर किंवा गाडीच्या चार्जरवर सोय हवी. खारी हवा आणि दमट, बॅटरीच्या टोकांवर हिरवा गंज धरतो. महिन्यातून एकदा पुसून, चालवून बघितलं पाहिजे आणि वहीत नोंद हवी. वार्षिक देखभालीचा करार करताना इंजिनिअर किती दिवसांत येणार ते लेखी घ्या.

मापाचंही बघा. ल्यूकसला छातीची जाडी १७ सेंमीपासून ३०.३ सेंमीपर्यंतच चालते. फार कृश किंवा फार स्थूल माणसाला बसत नाही, तेव्हा हाताने दाबणारे तयार हवेतच.

सरकारी दवाखान्याला द्यायचं असेल तर रुग्ण कल्याण समितीमार्फत द्या, नोंद साठा-नोंदवहीत झाली पाहिजे, आणि कोणत्या गाडीवर किंवा विभागात राहणार ते पत्रात लिहा. १०८ ची गाडी स्वतंत्र यंत्रणेची असते, तिच्यावर परस्पर काही बसवता येत नाही. आधी विचारा. ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली तेव्हा त्यातल्या २३३च ॲडव्हान्स्ड होत्या, बाकी ७०४ बेसिक. आपल्याकडे कोणती येते ते विचारून घ्या, कारण यंत्र लावून पुढचं करायला सामान आणि माणूस दोन्ही लागतात.

माजघर

मी वयाने बहुधा सगळ्यांत मोठी असेन. एक विचारते, कोणी रागावू नये. यंत्र दमत नाही म्हणता. मग थांबायचं कोणी ठरवायचं? माझ्या दिरांना नेताना यंत्र लावलं होतं. छाती हलत होती, म्हणून पूर्ण रस्ताभर आम्हाला वाटत होतं की जीव आहे. मुलगा सतत सांगत होता, बाबा श्वास घेताहेत. रुग्णालयात यंत्र बंद केलं आणि सगळं एकदम संपलं. आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आंबाघाट

@माजघर, रागावण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही लिहिलंत ते आमच्या प्रशिक्षणात यायला हवं.

यंत्र लावणाऱ्याने त्याच वेळी, घरच्यांना समोर घेऊन, साध्या शब्दांत सांगितलं पाहिजे: हृदय थांबलेलं आहे, छाती हलतेय ती यंत्रामुळे, आम्ही अमुक वेळ प्रयत्न करणार आहोत. कोसळताना कोणी पाहिलं होतं का, लगेच कोणी दाबलं का, शॉक देण्याजोगी लय होती का, आणि पूर्ण उपचारानंतर वीस मिनिटांनीही मॉनिटरवर सरळ रेषच आहे का, यावरून डॉक्टर थांबायचं ठरवतात. फुप्फुसात अडकलेली गुठळी विरघळवायचं औषध दिलं असेल तर तास-दीड तासही चालू ठेवतात, तिथे यंत्राचा खरोखर आधार होतो. पण ज्याचं आयुष्य दीर्घ आजाराने संपत आलंय, ज्याने स्वतः घरच्यांना सांगून ठेवलंय, त्याच्या छातीवर यंत्र चढवून घाटातून नेणं मला योग्य वाटत नाही. वाडीत प्रशिक्षण घ्याल तेव्हा याचंही बोलणं करा. कठीण जातं, पण घरच्यांना नंतर तेच उपयोगी पडतं.

दापोलीकर

पटलं. अवांतर, पण विचारतो: नुसत्या हातांनी दाबायचं हे कधी सुरू झालं? आमच्या आजोबांच्या वेळी कोणी करत नसे.

आंबाघाट

अवांतर नाहीच. १९५८ च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शॉकवर प्रयोग चालू होते. गाय निकरबॉकर या तरुण संशोधकाच्या लक्षात आलं की जड पॅडल कुत्र्याच्या छातीवर दाबली की, शॉक द्यायच्या आधीच, रक्तदाबाची रेघ वर उचलली जाते. त्यावर काम करून कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली लेख लिहिला. छाती न उघडता, दोन हातांनी, कोणीही, कुठेही हे करू शकतो, हे त्यांचं प्रतिपादन. दाबणारी यंत्रंही त्याच दशकात आली, प्राणवायूच्या दाबावर चालणारी. म्हणजे यंत्राची कल्पना हातांच्या पाठोपाठचीच आहे.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. सभेपुढे असं मांडणार आहे. आधी वाडीतल्या प्रत्येक घरातून निदान दोघांना सीपीआर शिकवायचं, गणपतीत मुंबईकर येतात तेव्हा दुसरी फेरी. शाळेच्या नववी-दहावीच्या मुलांनाही. एईडी दोन घ्यायच्या. उरलेल्या पैशातून तालुक्याच्या रुग्णालयाला विचारायचं, की लांब पाठवायच्या रुग्णांसाठी गाडीत छाती दाबणारं यंत्र ते वापरतील का, माणसं शिकवतील का. हो म्हणाले आणि लेखी दिलं तरच पुढे जायचं. नाहीतर तो पैसा प्रशिक्षणाच्या पुतळ्यांना आणि पॅड बदलायला ठेवायचा.

एक राहिलं. एईडी कुठे ठेवाव्या? काही जण देवळात म्हणतात, काही पोलीसपाटलांच्या घरी.

बायोमेडवाला

रात्री कुलूप लागणारी जागा नको. देऊळ रात्री बंद असेल तर बाहेरच्या पडवीत, थेट ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशा भिंतीवर. किल्ली कोणाकडेही नाही अशी पेटी, फक्त उघडताच जोरात वाजणारी. एक पाखाडीच्या वरच्या टोकाला, एक खाली रस्त्याजवळ, म्हणजे कुठूनही धावणाऱ्याला चढ आणि उतार दोन्ही करावे लागणार नाहीत. पॅडवर मुदतीची तारीख असते, जेल सुकतं, ती तारीख पेटीवर मोठ्या अक्षरात लिहा. हिरवा दिवा लुकलुकतोय का हे रोज दिवाबत्ती करणाऱ्याने बघायचं. पॅड उघड्या, कोरड्या छातीवर नीट चिकटावेत म्हणून आत एक टॉवेल, कात्री आणि दाढीचं ब्लेड ठेवा.

चिपळूणची

आणि गावात शिकलेल्या सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप गट करा, त्यात फक्त आणीबाणीचाच निरोप जाईल असा. एक जण दाबायला, एक जण पेटीकडे, एक जण रस्त्यावर गाडीला हात करायला. अंधारात गाडी पुढे निघून जाते, म्हणून त्याच्याकडे बॅटरी असू दे. प्रशिक्षणाची तारीख ठरली की कळवा, पुतळे आमच्याकडे आहेत, घेऊन येते.

मालवणकाठी

आमच्या वाडीकय कळवा. आमी पन येतलों शिकाक.